कोळशाच्या शहरातला वाद्यवृंद



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी जन्मभर रागसंगीत शिकवलं. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर पोलंडमधल्या एका वाद्यवृंदाचा इतिहास सांगायची परवानगी संयोजकांनी दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषय लांबचा आहे आणि त्यातली नावं जिभेवर पटकन बसत नाहीत. तरीही हा विषय मी आग्रहाने मागून घेतला, कारण त्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो मला अनेक वर्षं सतावतो आहे. नवं संगीत कोणाच्या भरवशावर लिहिलं जातं?

आपल्याकडे रचणारा आणि गाणारा बहुतेक वेळा एकच असतो. दुपारी बंदिश सुचली तर संध्याकाळी तंबोरे जुळवून ती गाऊन पाहता येते, नाही जमली तर उद्या बदलता येते. सिम्फनी लिहिणाऱ्याला ही सोय नाही. तो ऐंशी-नव्वद माणसांचं संगीत कागदावर लिहितो. व्हायोलिनवाले किती, शिंगं किती, ढोल कुठे वाजणार, हे सगळं आधी मनात ऐकून त्याने उतरवलेलं असतं. आणि ती ऐंशी माणसं एका खोलीत जमून वाजवेपर्यंत ते संगीत त्याच्या स्वतःच्या कानावरही पडलेलं नसतं. कित्येकांच्या बाबतीत ते कधीच पडत नाही. बीथोव्हन आणि ब्राम्स उत्तम वाजवणारे वाद्यवृंद युरोपात पुष्कळ आहेत. ज्याची शाई अजून वाळलेली नाही अशी संहिता समोर घेऊन, ती फसेल हे माहीत असूनही मन लावून वाजवणारे मात्र थोडे. पोलंडच्या रेडिओचा सिम्फनी वाद्यवृंद, जो आज कातोवित्से या शहरात आहे, त्या थोड्यांपैकी आहे. विसाव्या शतकात पोलंडमधून संगीतकारांची एक मोठी रांग निघाली. लुतोस्वाव्स्की, बात्सेविच, पेंदेरेत्स्की, गुरेत्स्की, किलार. यातला जवळजवळ प्रत्येक जण या वाद्यवृंदाच्या तालमीच्या खोलीतून कधी ना कधी गेलेला आहे. माझ्या मते हा योगायोग नाही, आणि तेच मला आज मांडायचं आहे.

या कथेचा आरंभ एका माणसापासून होतो. ग्झेगोश फिटेलबर्ग. जन्म १८७९ चा, आज लाटवियात असलेल्या दाउगावपिल्स गावचा. ज्यू कुटुंबातला, वडील लष्करी बँडचे प्रमुख. त्याच्या जन्माच्या वेळी पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तिघांनी तो तीन हप्त्यांत वाटून घेतला होता, आणि १७९५ पासून १९१८ पर्यंत पोलिश माणसाचं राष्ट्र त्याच्या भाषेत, चर्चमध्ये आणि संगीतातच शिल्लक राहिलं होतं. १९०१ साली वॉर्सात फिलहार्मोनिक उभी राहिली ती झारच्या राज्यात. ५ नोव्हेंबरच्या पहिल्या मैफलीत एमिल म्विनार्स्कीने वाद्यवृंद चालवला आणि पियानोवर होता पादेरेव्स्की, जो पुढे १९१९ मध्ये स्वतंत्र पोलंडचा पंतप्रधान झाला. पियानोवादक पंतप्रधान होतो यात त्या देशाला काही विचित्र वाटलं नाही, यावरून तिथे संगीताला काय जागा होती ते लक्षात यावं.

फिटेलबर्गने सुरुवात व्हायोलिनवादक म्हणून केली. पण त्याचा खरा ध्यास होता आपल्या पिढीच्या संगीतकारांना उभं करण्याचा. १९०५ मध्ये कारोल शिमानोव्स्की आणि आणखी दोन मित्रांबरोबर त्याने बर्लिनमध्ये तरुण पोलिश संगीतकारांसाठी एक प्रकाशनसंस्था काढली. पैसा एका संस्थानिकाने, व्वादिस्वाव लुबोमिर्स्कीने, पुरवला. ६ फेब्रुवारी १९०६ रोजी या मित्रांच्या रचनांची मैफल वॉर्सात झाली, आणि वाद्यवृंदासमोर उभा होता फिटेलबर्ग. तिथून पुढे जवळजवळ पन्नास वर्षं हा माणूस हेच करत राहिला. दुसऱ्याने लिहिलेलं, कोणी न ऐकलेलं संगीत हातात घ्यायचं आणि ते लोकांपुढे आणायचं. द्यागिलेवच्या बॅले कंपनीसाठी त्याने पॅरिसमध्ये काम केलं, १९२२ मध्ये स्ट्राविन्स्कीच्या ‘माव्रा’ या छोट्या ऑपेराचा पहिला प्रयोग त्यानेच चालवला. शिमानोव्स्कीची ‘स्ताबात मातेर’ १९२९ मध्ये वॉर्सात पहिल्यांदा ऐकवली ती त्यानेच. त्याने स्वतःही रचना केल्या होत्या. त्या बाजूला ठेवून त्याने मित्रांच्या रचनांना वेळ दिला, आणि मला त्याच्याविषयी जे प्रेम वाटतं त्याचं मूळ इथे आहे.

१९३५ मध्ये पोलिश रेडिओने त्याच्या हाती वॉर्सात स्वतःचा सिम्फनी वाद्यवृंद सोपवला. रेडिओ तेव्हा नऊ वर्षांचा होता. इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मैफलीच्या सभागृहाला तिकिटं विकावी लागतात. नव्या, अनोळखी नावाच्या कार्यक्रमाला खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर व्यवस्थापक पुढच्या वेळी शोपँ लावतो, आणि त्याला दोषही देता येत नाही. रेडिओच्या वाद्यवृंदाचा पगार श्रोत्यांच्या परवाना शुल्कातून यायचा. त्या संध्याकाळी किती जण दाराशी आले यावर वादकाची चूल अवलंबून नव्हती. शिवाय रेडिओला रोज काहीतरी नवं वाजवायला लागतं, त्याची भूक न संपणारी. फिटेलबर्गने या दोन्ही गोष्टींचा पुरेपूर फायदा घेतला.

त्याच्या व्हायोलिनच्या ताफ्यात १९३६ ते १९३८ ग्राझिना बात्सेविच ही तरुण स्त्री बसत होती. पॅरिसला नादिया बूलांजेकडे शिकून आलेली, १९३५ च्या पहिल्या व्हिएन्याव्स्की व्हायोलिन स्पर्धेत उल्लेखनीय ठरलेली. तिला रचनाकार व्हायचं होतं. वाद्यवृंदात बसण्याचा तिचा उद्देशच हा होता की शिंग, बासरी, चेलो हे सगळे एकमेकांत कसे मिसळतात, कुठे एकमेकांना झाकून टाकतात, ते आतून ऐकावं. रचना शिकवणाऱ्या वर्गात हे शिकता येत नाही. वादकांच्या मध्ये बसून, पानं उलटत, फिटेलबर्गची बोलणी खात ते शिकावं लागतं. बात्सेविचचं तंतुवाद्यांसाठीचं लेखन ज्यांनी ऐकलं आहे त्यांना कळेल की ते वाजवणाऱ्याच्या हाताला ओळखणाऱ्या माणसाचं लेखन आहे.

१९३९ मध्ये याच वाद्यवृंदाने विटोल्ड लुतोस्वाव्स्की नावाच्या सव्वीस वर्षांच्या तरुणाच्या ‘सिम्फनिक व्हेरिएशन्स’ वाजवल्या. चालवणारा अर्थातच फिटेलबर्ग. वाद्यवृंदासाठीची ही त्याची पहिली महत्त्वाची रचना. त्याच वर्षी १ सप्टेंबरला जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. २३ सप्टेंबरला रेडिओचा पियानोवादक व्वादिस्वाव श्पिलमान वॉर्साच्या स्टुडिओत बसून शोपँ वाजवत होता, बाहेर तोफगोळे पडत होते. त्या दिवशी पोलिश रेडिओ बंद पडला. ‘द पियानिस्ट’ हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. त्यातला श्पिलमान याच संस्थेचा नोकर होता, या वाद्यवृंदातल्या लोकांचा सहकारी.

व्यापलेल्या वॉर्सात पोलिश वाद्यवृंदांना जाहीर मैफली करायला बंदी आली. शोपँच्या संगीतावर बंदी आली, १९४० च्या मे महिन्यात त्याचा वाझिएन्की बागेतला पुतळाही जर्मनांनी पाडला. संगीत कॅफेंमध्ये गेलं. लुतोस्वाव्स्की युद्धकैदी म्हणून पकडला गेला होता, तो निसटला आणि सुमारे चारशे किलोमीटर चालत वॉर्साला आला. मग तो आणि आंद्रेय पानुफ्निक हे दोघे दोन पियानो लावून कॅफेत वाजवू लागले. त्यांनी मिळून सुमारे दोनशे रूपांतरं केली होती. वॉर्साच्या १९४४ च्या उठावात शहर जळलं, आणि त्या काळात पानुफ्निकच्या तोवरच्या सगळ्या संहिता नष्ट झाल्या. त्या दोनशे रूपांतरांपैकी लुतोस्वाव्स्कीने पागानिनीच्या एका धुनेवर लिहिलेली तेवढी व्हेरिएशन्स आज शिल्लक आहेत. एका शहरात एका पिढीचं किती संगीत राख झालं याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही.

फिटेलबर्ग देशाबाहेर पडला होता. दक्षिण अमेरिकेत ब्यूनोस आयर्स, मग उत्तर अमेरिका. ज्यू जन्माच्या माणसाला वॉर्सात राहणं म्हणजे मरण होतं. पोलिश माणसं त्या काळात जगभर विखुरली गेली, आणि या विखुरण्याचं एक टोक आपल्या अगदी दाराशी आहे. १९४३ ते १९४८ या काळात इथून जवळच, वळिवड्याला, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने त्यांना सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलं होतं, तिथून इराणमार्गे ते कोल्हापूर संस्थानात आले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, बालवीरांची पथकं होती. आपल्या गावातल्या वयस्कर मंडळींनी लहानपणी त्यांना पाहिलेलं असेल. वाद्यवृंदाच्या इतिहासात वळिवड्याचा धागा मी ओढूनताणून आणत नाही. ज्या युद्धाने त्या मुलांना पंचगंगेकाठी आणलं त्याच युद्धाने वॉर्साच्या वादकांना विखुरलं, एवढंच मला म्हणायचं आहे. आता कातोवित्सेकडे जाऊ.

कातोवित्से हे अप्पर सिलेशियाचं शहर. कोळसा, लोखंड, जस्त. शहराच्या मधोमध एक खाण होती, १८२३ मध्ये ‘फर्डिनांड’ या नावाने सुरू झालेली. प्रदेश कधी प्रशियाचा, कधी वादातला. १९१९ ते १९२१ या तीन वर्षांत तीन उठाव झाले, सार्वमत झालं, आणि १९२२ मध्ये कातोवित्से पोलंडकडे आलं. खाणकामगारांची वस्ती, जर्मन आणि पोलिश दोन्ही भाषांचा वावर, सिलेशियन बोली. सिम्फनीसाठी प्रसिद्ध असावं असं काहीच नाही. पण १९४५ च्या जानेवारीत लाल सैन्य आलं तेव्हा हे शहर फारशी पडझड न होता हाती आलं, आणि वॉर्सात राहायला घर नव्हतं. रेडिओला चालू स्थितीतला स्टुडिओ हवा होता, वादकांना छप्पर हवं होतं.

विटोल्ड रोवित्स्की नावाचा एकतीस वर्षांचा कंडक्टर मार्च १९४५ मध्ये तिथे वादक गोळा करू लागला. बर्लिन अजून पडायचं होतं. कोणाकडे वाद्य नाही, कोणाकडे बूट नाहीत, कोण छावणीतून सुटून आलेला, कोण आता सोव्हिएत हद्दीत गेलेल्या ल्वूव्हमधून बिछाना घेऊन निघालेला. अशा लोकांतून वाद्यवृंद उभा राहिला. मला या क्षणाचं फार महत्त्व वाटतं. पोट भरायची, घर बांधायची, मेलेल्यांना पुरायची वेळ होती, आणि त्या वेळी एका देशाने ठरवलं की आपल्याला सिम्फनी वाद्यवृंदही लागणार आहे. असंच एक काम वॉर्सातही व्हायचं होतं. तिथल्या फिलहार्मोनिकच्या एकाहत्तर वादकांपैकी निम्मे युद्धात गेले होते आणि इमारत बॉम्बहल्ल्यात पडली होती. १९४६ मध्ये पानुफ्निकने ती संस्था पुन्हा उभी करायला घेतली. वादकांना राहायला घरं देण्याचं आश्वासन पाळलं गेलं नाही म्हणून त्याने ते पद सोडलं. वॉर्साच्या फिलहार्मोनिकला आपली वास्तू परत मिळायला १९५५ साल उजाडलं. मधली दहा वर्षं नव्या पोलिश संगीताचा मोठा भार कोळशाच्या शहराने वाहिला.

१९४७ मध्ये फिटेलबर्ग परतला. वय अडुसष्ट. परदेशात राहू शकला असता, त्याचा मुलगा येझी, तोही संगीतकार, न्यूयॉर्कमध्ये होता. हा मात्र कातोवित्सेला येऊन आपल्या जुन्या वाद्यवृंदासमोर उभा राहिला. आल्यावर त्याने ज्या संहिता हाती घेतल्या त्यात लुतोस्वाव्स्कीची पहिली सिम्फनी होती. तिचे आराखडे संगीतकाराने १९४१ मध्ये सुरू केले होते आणि १९४४ मध्ये वॉर्सा सोडताना बरोबर नेले होते. म्हणून ते वाचले. एप्रिल १९४८ मध्ये कातोवित्सेत ती सिम्फनी पहिल्यांदा वाजली.

पुढच्याच वर्षी हवा बदलली. ऑगस्ट १९४९ मध्ये वागूव या गावी संगीतकारांची परिषद भरवून सरकारने सांगितलं की संगीत समाजवादी वास्तववादाचं असलं पाहिजे, लोकांना समजेल असं, आशावादी. लुतोस्वाव्स्कीच्या सिम्फनीवर ‘रूपवादी’ असा शिक्का बसला आणि सुमारे दहा वर्षं ती वाजली नाही. तो रेडिओसाठी मुलांची गाणी आणि नाटकांचं संगीत लिहून घर चालवू लागला. इथे एक गुंता आहे आणि तो सोपा करून सांगणं मला पटत नाही. रचना बंद करणारं सरकार आणि वाद्यवृंदाचा पगार देणारं सरकार एकच होतं. त्याच सरकारी रेडिओने या संगीतकाराला उपाशी राहू दिलं नाही, आणि त्याच सरकारने त्याची सिम्फनी दशकभर कपाटात ठेवली. वादकांनी काय करावं? त्यांनी वाजवत राहायचं ठरवलं, जे वाजवू दिलं ते आणि त्यातल्या त्यात जे उत्तम होतं ते.

त्या काळातल्या उत्तमाचं उदाहरण म्हणजे बात्सेविचचा तंतुवाद्यांसाठीचा कन्चेर्तो. १९४८ मध्ये तिने तो लिहिला, आणि १९५० च्या जूनमध्ये फिटेलबर्गने या वाद्यवृंदाबरोबर तो वॉर्सात पहिल्यांदा सादर केला. बारा वर्षांपूर्वी जी बाई याच वाद्यवृंदात व्हायोलिन घेऊन बसायची, तिचं संगीत आता तिचा जुना कंडक्टर तिच्या जुन्या सहकाऱ्यांकडून वाजवून घेत होता. सरकारी धोरणाला त्यात खोट काढता येईना, कारण त्यात बारोक काळातल्या कन्चेर्तोचा कणखर साचा होता. आणि धोरणाला शरण गेल्याची एकही खूण त्यात नाही. इतकी ताकद आणि इतकी स्वच्छता एकत्र क्वचित भेटते.

१९५३ च्या मार्चमध्ये स्टालिन वारला आणि कातोवित्सेचं नाव बदलून स्तालिनोग्रुद ठेवण्यात आलं. तिथल्या लोकांना कोणी विचारलं नाही. त्याच वर्षी १० जूनला फिटेलबर्ग गेला. पन्नास वर्षं दुसऱ्यांचं संगीत पुढे नेणाऱ्या माणसाच्या मृत्यूच्या नोंदीत गावाचं असं नाव यावं, याचं दुःख मला होतं. १९५६ मध्ये शहराला आपलं नाव परत मिळालं. आज कातोवित्सेत फिटेलबर्गच्या नावाने कंडक्टरांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते, १९७९ पासून.

त्याच्या जागी आला यान क्रेन्त्स. सत्तावीस वर्षांचा. स्वतः संगीतकारही होता. १९५३ ते १९६८ अशी पंधरा वर्षं तो राहिला, आणि माझ्या मते या वाद्यवृंदाची सर्वांत श्रीमंत वर्षं हीच. परदेशात पेंदेरेत्स्कीचं नाव झालं, लुतोस्वाव्स्कीचं झालं. क्रेन्त्सचं नाव संगीतज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसं कोणी घेत नाही, आणि मला हा मोठा अन्याय वाटतो. १९५४ मध्ये, अजून जुनी बंधनं ढिली व्हायची होती तेव्हा, त्याने लुतोस्वाव्स्कीला सांगितलं की बेला बार्तोकच्या मृत्यूला पुढच्या वर्षी दहा वर्षं होतील, त्याच्या स्मरणार्थ काहीतरी लिही. रचना एका वर्षात व्हायची होती, तिला चार वर्षं लागली. क्रेन्त्स थांबला. २६ मार्च १९५८ रोजी कातोवित्सेत ‘शोकसंगीत’ वाजलं. सुरुवातीला दोन चेलो, एकापाठोपाठ एक, बाराही स्वरांच्या एका ओळीवरून हळूहळू पुढे सरकतात. त्या ओळीत दोनच प्रकारची अंतरं आहेत, अर्धा स्वर आणि तीव्र मध्यमाएवढी उडी. षड्जापासून तीव्र मध्यमाकडे थेट गेलं की कानाला जी अस्वस्थता जाणवते ती आपल्या श्रोत्यांच्या चांगली ओळखीची आहे. तिच्यातून लुतोस्वाव्स्कीने सगळी रचना उभी केली. तेरा-चौदा मिनिटांत वाद्यवृंद एका टोकदार शिखरापर्यंत चढतो आणि शेवटी पुन्हा एकटा चेलो उरतो.

दरम्यान १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये ‘वॉर्सा शरद’ हा समकालीन संगीताचा महोत्सव सुरू झाला होता. ताडेउश बाइर्ड आणि काझिमेश सेरोत्स्की या दोन संगीतकारांनी तो उभारला. सोव्हिएत गोटातल्या देशात पश्चिमेचं नवं संगीत आणि पोलंडचं नवं संगीत एकत्र ऐकू येण्याची ती जागा झाली, आणि कातोवित्सेचा वाद्यवृंद तिथला मोठा आधार. १९६० मध्ये तिथेच क्रेन्त्सने हेन्रिक गुरेत्स्कीची ‘स्कॉन्त्री’ वाजवली. गुरेत्स्की याच भागातला, रिबनिकजवळच्या चेर्नित्सा गावचा, कातोवित्सेत शाबेल्स्कीकडे शिकलेला. शाबेल्स्की स्वतः शिमानोव्स्कीचा शिष्य. म्हणजे बघा, फिटेलबर्गचा मित्र शिमानोव्स्की, त्याचा शिष्य शाबेल्स्की, त्याचा शिष्य गुरेत्स्की. आपल्याकडे ज्याला आपण घराणं म्हणतो ते याहून वेगळं काय असतं?

१९६१ मध्ये क्रेन्त्सने क्षिश्तोफ पेंदेरेत्स्कीची जी रचना पहिल्यांदा वाजवली तिला आज जग हिरोशिमाच्या बळींसाठीचा विलाप म्हणून ओळखतं. बावन्न तंतुवाद्यांसाठी लिहिलेली. मूळ संहितेवर शीर्षक होतं फक्त कालावधीचं, आठ मिनिटं सदतीस सेकंद. वादकाच्या बाजूने याचा विचार करून पाहा. वीस वर्षं रियाज करून ज्याने एक शुद्ध, गोल स्वर कमावला आहे त्याला सांगितलं जातं की जितका उंच निघेल तितका उंच स्वर काढा, कोणता ते महत्त्वाचं नाही. गज घोडीच्या पलीकडच्या बाजूला चालवा. लाकडी पेटीवर बोटं आपटा. अशा तालमीत कोणी हसण्यावारी नेलं की ती रचना संपते. ज्यांनी ते गंभीरपणे केलं त्यांच्यामुळे पेंदेरेत्स्कीला कळलं की आपल्या मनातला आवाज प्रत्यक्षात काय आहे. त्याच वर्षी पॅरिसला युनेस्कोच्या संगीतकार मंचावर या रचनेचा गौरव झाला, आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा माणूस युरोपभर माहीत झाला. जून १९६७ मध्ये लुतोस्वाव्स्कीने आपली दुसरी सिम्फनी कातोवित्सेत स्वतः चालवून पूर्ण स्वरूपात पहिल्यांदा ऐकवली. तिच्यात काही भागांत वादकांना एका ठेक्यात बांधलेलं नाही. प्रत्येकाने आपल्या गतीने वाजवायचं, संगीतकाराने फक्त कधी सुरू आणि कधी थांबायचं ते ठरवलेलं. अशी मोकळीक द्यायला वादकांवर भरवसा लागतो, आणि त्या भरवशाला तोवर जवळजवळ तीस वर्षांचा इतिहास झाला होता.

क्रेन्त्सनंतरची वर्षं मी थोडी झपाट्याने ओलांडतो. कंडक्टर बदलत गेले, परदेश दौरे झाले. शहरात मात्र दोन मोठे संगीतकार ठाण मांडून होते. एक गुरेत्स्की, दुसरा वॉयचेक किलार. किलारचा जन्म ल्वूव्हचा, तो युद्धानंतर कातोवित्सेला आला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. चित्रपटरसिकांना तो वायदा आणि पोलान्स्की यांच्या चित्रपटांच्या आणि कॉपोलाच्या ‘ड्रॅक्युला’च्या संगीतामुळे माहीत असेल. गुरेत्स्कीने १९७६ च्या शेवटच्या तीन महिन्यांत आपली तिसरी सिम्फनी कातोवित्सेत लिहिली. तीन भाग, तिन्ही संथ, एकटी स्त्री गाते. एका भागातले शब्द झाकोपानेच्या गेस्टापो कोठडीच्या भिंतीवर अठरा वर्षांच्या एका मुलीने कोरलेले. शेवटच्या भागात सिलेशियन लोकगीत आहे, उठावात मुलगा हरवलेल्या आईचं. पहिला प्रयोग १९७७ मध्ये फ्रान्समधल्या र्वायाँला झाला. पण त्या सिम्फनीचं पहिलं ध्वनिमुद्रण, १९७८ चं, कातोवित्सेच्या वाद्यवृंदाचं, येझी कात्लेविच चालवतो आहे आणि स्तेफानिया वॉयतोविच गाते आहे. पंधरा वर्षांनी लंडनमधलं एक वेगळं ध्वनिमुद्रण दहा लाखांहून जास्त खपलं आणि जगाला गुरेत्स्कीचा शोध लागला. मला विचाराल तर मी अजूनही कात्लेविचकडे जातो. त्या वादकांना ते लोकगीत बाहेरून शिकावं लागलं नव्हतं.

१९८१ च्या डिसेंबरात लष्करी कायदा लागू झाला. १६ डिसेंबरला कातोवित्सेच्या व्युयेक खाणीत संप मोडताना नऊ खाणकामगार मारले गेले. वाद्यवृंद ज्या शहराच्या कोळशावर तापलेल्या खोल्यांत सराव करत होता त्या शहराची ही जखम आहे आणि तिथे आजही ती ताजी आहे. १९८३ मध्ये आंतोनी वित कंडक्टर झाला आणि २००० पर्यंत राहिला. आपल्यापैकी ज्यांनी नव्वदच्या दशकात नॅक्सॉस कंपनीच्या स्वस्तातल्या सीडी जमवल्या असतील त्यांच्या घरी त्याचं नाव आणि कंसात ‘कातोवित्से’ असं छापलेलं नक्की सापडेल. तोवर कम्युनिस्ट राजवट गेली होती, सरकारी पैसा आटला होता. अशा वेळी एका स्वस्त लेबलने या वाद्यवृंदाला जगभरच्या घरांत नेलं. मेसियाँच्या ‘तुरांगलिला’चं त्यांचं ध्वनिमुद्रण २००२ मध्ये कान येथे पुरस्कारप्राप्त ठरलं. या रचनेचं नावच संस्कृतातून घेतलेलं आहे आणि तिच्या लयीत शारङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तल्या देशी तालांचा अभ्यास आहे. आपल्या लोकांनी ती अवश्य ऐकावी.

एवढ्या सगळ्या काळात या वाद्यवृंदाला स्वतःचं नीट सभागृह नव्हतं. शहराच्या एका सांस्कृतिक केंद्रात ते वाजवत. १८२३ ची ती खाण १९९९ मध्ये बंद पडली, आणि शहराच्या मधोमध मोठी जागा मोकळी झाली. तिथे वास्तुविशारद तोमाश कोन्योर याने नवं सभागृह बांधलं, ध्वनिरचना जपानच्या यासुहिसा टोयोटाची. अठराशे आसनांचं. बाहेरून लाल विटा आणि खिडक्यांच्या कडेला लाल रंग, कारण जवळच्या निकिशोव्येत्स या खाणकामगारांच्या जुन्या चाळींत खिडक्या तशा रंगवलेल्या असतात. आतल्या मोठ्या भिंती काळ्या काँक्रीटच्या, कोळशासारख्या. १ ऑक्टोबर २०१४ रोजी ते उघडलं आणि पियानोवर ब्राम्सचा पहिला कन्चेर्तो वाजवायला बसला क्रिस्टियान झिमरमन. जन्म शेजारच्या झाब्झेचा, शिक्षण कातोवित्सेतलं, १९७५ च्या शोपँ स्पर्धेचा अठरा वर्षांचा विजेता. किलार नऊ महिने आधी गेला होता. सभागृहासमोरच्या चौकाला त्याचं नाव आहे. २०१५ मध्ये युनेस्कोने कातोवित्सेला संगीताचं शहर म्हणून मान्यता दिली, आणि २०२३ पासून मेरिन अल्सॉप ही अमेरिकन कंडक्टर या वाद्यवृंदाची प्रमुख आहे.

सभागृह देखणं आहे आणि त्याचा ध्वनी जगात वाखाणला जातो. तरीही मला सारखं वाटत राहतं की सत्तर वर्षं हे लोक त्याशिवाय वाजवत होते, आणि लुतोस्वाव्स्की, बात्सेविच, पेंदेरेत्स्की त्या सत्तर वर्षांत घडले. नवीन रचना घेऊन येणाऱ्या माणसाला त्यांच्याकडे पगारी, शिस्तीचे, धीराचे ऐंशी वादक मिळत होते आणि चार-चार वर्षं संहितेची वाट पाहणारा कंडक्टर मिळत होता. आपल्याकडे आकाशवाणीने एके काळी रविशंकर आणि पन्नालाल घोष यांच्यासारख्यांच्या हाती वाद्यवृंद दिले होते. ते पुढे का वाढले नाहीत, तिथे रचना करणाऱ्यांची दुसरी आणि तिसरी पिढी का उभी राहिली नाही, हा प्रश्न संगीत शिकवणाऱ्या आणि संस्था चालवणाऱ्या सगळ्यांनी मिळून घ्यायला हवा, आणि या सभागृहात असे लोक पुष्कळ बसले आहेत.

माझं बोलणं इथे थांबवतो. संयोजकांनी ध्वनिवर्धकाची चांगली सोय केली आहे, म्हणून आता आपण बात्सेविचचा तंतुवाद्यांसाठीचा कन्चेर्तो पूर्ण ऐकणार आहोत. तीन भाग आहेत, साधारण पंधरा मिनिटं लागतील. दुसऱ्या भागात चेलोवर एक लांबलचक धून येते आणि बाकीचे सगळे तिच्याभोवती अगदी हलक्या आवाजात वाजत राहतात, तिथे विशेष लक्ष द्या. भागांच्या मधे टाळ्या वाजवल्या तरी हरकत नाही.